एकेचाळीस सारख्या ओळी

१

"माझ्या मशीनला कोणीतरी हात लावलाय गं," ताई फोनवर म्हणाली. "स्क्रीन माझा वाटतच नाहीये. सही करू की नको?"

दुपारचा एक वाजला होता. सात महिन्यांची पिटुकली माझ्या खांद्यावर किंचाळत होती. माझ्या हातात औषधाची सिरिंज होती आणि ती मी तिसऱ्यांदा उजेडात धरून मोजत होते.

"ताई, तूच काहीतरी बदललं असशील आणि विसरली असशील."

"मी? मी विसरेन?"

"मग साहेबांना सांग."

"ते घड्याळ दाखवतील. सकाळपासून दोनदा दाखवून झालंय."

"दाखवणारच. उगाच तुझं हसं होईल. कर सही आणि मोकळी हो. ठेवते मी, ही गिळत नाहीये."

ताईने सही केली.

ताईचं काम काय, ते आधी सांगते. औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं एक पत्रक असतं, जे आपण उघडतो आणि परत कोंबतो, ते तिच्या कार्यालयात तयार व्हायचं. औषधकंपनीने जुन्या पत्रकात बारीकसारीक बदल सांगितले की मांडणी करणारा नवं पत्रक बनवायचा. मग ताई जुनी फाइल आणि नवी फाइल एडिटरमध्ये शेजारीशेजारी उघडायची आणि कंपेअर लावायची. जी ओळ बदललेली असेल ती लाल होते. लाल ओळ सांगितलेल्या बदलांत असली तर ठीक, नसली तर पत्रक मागे. शेवटी सगळ्याची स्लिप छापायची आणि खाली सही. तिच्या सहीशिवाय छपाईला काही जात नसे.

त्या फोननंतर सतराव्या दिवशी एका परगावच्या इस्पितळात सात महिन्यांचं बाळ आणलं गेलं. तीस तास ते जागंच झालं नव्हतं. जगलं, पण त्याच्या आईने पत्रक हातात धरून सगळ्यांना विचारलं की मी यात लिहिलंय तेवढंच दिलं ना, मग माझं काय चुकलं?

तिचं काहीच चुकलं नव्हतं. पत्रकात वयाप्रमाणे ओळी होत्या: आधी वय, मग दिवसातून किती वेळा, मग किती मिली. बाळाच्या वयापुढे हवं होतं "१", मग मोकळी जागा, मग "२.५". म्हणजे एकदा, अडीच मिली. छापून आलं होतं "१२.५".

मधली एक जागा गेली होती, बाकी काही नाही.

औषध खात्याचे तपासनीस आले. त्यांनी ताईच्या मशीनवर त्याच दोन फाइली उघडल्या, कंपेअर लावलं, आणि ती ओळ रक्तासारखी लाल झाली.

"बाई, हे आंधळ्यालाही दिसेल," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंत आणि सही ठोकलीत."

"त्या दिवशी लाल नव्हती," ताई म्हणाली.

कोण ऐकणार? तिला घरी पाठवलं. महिनाभराने सुनावणी होती. तिथे तिचं नाव नोंदणीकृत तपासकांच्या यादीतून कायमचं खोडलं जाणार होतं. चौदा वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं.

ती माझ्याच घरी राहायला आली आणि पिटुकलीला उचलून घेईना. "माझ्या हातात नको देऊस तिला," एवढंच म्हणायची.

मी ठरवलं. जे कोणी असेल, त्याला मी सोडणार नव्हते.

२

ताईची एक सवय मला माहीत होती. प्रत्येक स्लिपची प्रत ती घरी फाइलला लावायची. चौदा वर्षांच्या फाइली. पिटुकली झोपली की मी त्या जमिनीवर पसरून बसायची.

त्या दिवशीची स्लिप, जिच्यामुळे सगळं झालं ती, मी तिच्या आधीच्या पन्नास स्लिपांशेजारी ठेवली. हे म्हणजे मीच कंपेअर लावल्यासारखं झालं. आणि फरक ओरडून सांगत होते.

ताईची कुठलीही स्लिप तीन पानी. जुनं डावीकडे, नवं उजवीकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळ. त्या दिवशीची जेमतेम अर्धं पान. वर तीन ओळी, मग बदललेली तारीख, खाली तीन ओळी. मग एक ठिपक्यांची रेघ आणि मध्ये छापलेलं: "४१ ओळी सारख्या". मग पुन्हा तीन ओळी, बदललेला पत्ता, तीन ओळी. संपलं.

त्या एकेचाळीस ओळींत बाळाची ओळ होती.

आणि नवं पत्रक डावीकडे होतं.

"ताई," मी तिला हलवून उठवलं, "हे अर्धं पान कसं?"

"एडिटरला सांगता येतं. सारख्या ओळी घडी घालून ठेव, फक्त फरकाच्या आजूबाजूच्या इतक्याच दाखव." ती भिंतीकडे बघूनच बोलत होती. "मी कधीच घडी घालत नाही. मला सगळं डोळ्यांखालून गेलेलं लागतं."

"आणि स्पेस? मधल्या मोकळ्या जागा?"

आता मात्र ती वळली. लग्नाआधी मीही तपासकाचाच अभ्यासक्रम केला होता, मला विचारायला हवं ते ठाऊक होतं. स्पेसच्या सेटिंगला चार पायऱ्या असतात. फरक शोधताना कुठलीच स्पेस सोडून देऊ नकोस. ओळीच्या शेवटच्या सोड. कमीजास्त झालेल्या सोड. आणि चौथी, सगळ्याच सोड, स्पेस मुळी नाहीतच असं समज. चौथ्या पायरीवर एडिटरच्या लेखी "१ २.५" आणि "१२.५" एकच.

"ते तीन मेनू आत आहे," ताई म्हणाली. "माझं चौदा वर्षं पहिल्या पायरीवर. तिथे रोज कोण बघतं?"

"म्हणजे बाजू उलट, घडी घातलेली, तीन-तीन ओळी आणि स्पेस सगळ्या सोडलेल्या. चार गोष्टी एकाच दिवशी कोणी एकेक करून बदलत नाही. ताई, त्या दिवशी तुझ्या मशीनवर दुसऱ्या कोणाची तरी आख्खी सेटिंगची फाइल होती. आणि तपासनीस यायच्या आत ती कोणीतरी काढली."

एडिटर सगळी सेटिंगं एकाच फाइलमध्ये ठेवतो. ती उचलून दुसऱ्या मशीनवर टाकली की त्या माणसाच्या सगळ्या खोडी सोबत येतात. आणि खोडी लपवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या रिकाम्या खुर्चीसाठी अर्ज केला. आडनाव लग्नानंतरचं होतं. चार दिवसांत बोलावणं आलं.

३

कार्यालय म्हणजे एका इमारतीचा तिसरा मजला, एक लांब खोली, एक काचेची केबिन, आणि तीन मजले पिवळ्या दिव्याचा अंधारा जिना. माझ्याखेरीज तीन माणसं. त्यांतलं एक मी शोधत होते ते.

पहिला मांडणीवाला. तिशीचा, कानात कायम गाणी, आणि स्क्रीन उभा करून ठेवलेला, दरवाजासारखा. पहिल्याच दिवशी मी त्याचं पत्रक मागे पाठवलं.

"झालं! तुम्हीपण त्याच वळणावर?" त्याने कानातलं काढलं. "ती आधीची बाई मला चाळीस चाळीस लाल ओळी परत करायची. कशाबद्दल? स्पेसबद्दल! मांडणीतून मजकूर बाहेर काढला की स्पेस पडतातच. मी काय मुद्दाम पेरतो?"

"मग त्या तुम्ही काढत असाल."

"काढतो ना. हाताने. एकेक." तो थांबला. त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "ती एक जास्त निघाली. माहितीये मला. रोज माहीत असतं."

मला त्याची दया आली नाही. मी विचारलं, "कंपेअर तुम्हीपण लावता का?"

"देण्याआधी लावतो की. बघा." त्याने लावलं. जुनं वर, नवं खाली. उभ्या स्क्रीनवर शेजारीशेजारी मावणारच नाही. आणि फरकाच्या तेवढ्याच ओळी, आगेमागे एकही नाही.

"आजूबाजूच्या ओळी नाही दाखवत?"

"त्या बरोबरच आहेत ना? मग त्यांच्याकडे कशाला बघायचं? मी लोकांच्या लग्नात जेवायला जातो, वऱ्हाडी मोजायला नाही."

चेष्टेखोर, चुकार, ताईवर खार खाऊन असलेला. मला तो हवा होता. पण खोडी जुळत नव्हत्या.

४

मग साहेब. साठीला टेकलेले, केबिनमध्ये बसून घड्याळाकडे बघणारे. गाडी खाली उभी आहे, हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या सकाळी ताईवर घाई लादणारे हेच.

"साहेब, या कंपेअरचं जरा दाखवता का?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "मी फक्त वेळ सांभाळतो. तेवढंही जमू देत नाही कोणी."

तिसऱ्या दिवशी ते बाहेरून आलेली एक फाइल बघत होते. काचेआडून मला त्यांची बोटं दिसली. माउसला हातही न लावता त्यांनी दोन फाइली उघडल्या, कंपेअर लावलं, फरकावरून फरकावर उड्या मारत गेले. ताईलाही इतकं सराईत जमत नसे.

ज्याला ओ की ठो कळत नाही, तो माणूस!

मी दार न वाजवता आत गेले. ते दचकले. स्क्रीन बंद करायला हात गेला, पण मी तोवर बघितलं होतं. जुनं डावीकडे. नवं उजवीकडे. एकही घडी नाही.

"साहेब, तुम्ही खोटं बोललात."

ते हळू आवाजात म्हणाले, "बारा वर्षं तपासक होतो मी. येतं म्हटलं की सगळे खुर्ची आणून बसवतात. कुणाला सांगू नका हं."

"त्या सकाळी तुम्ही घाई केली नसती तर?"

हे मी बोलायला नको होतं. नव्या बाईला त्या सकाळचं काय? त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही तिच्या कोण?"

"बहीण," मी म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण त्यांनी चष्मा पुसून परत घातला. "सुनावणीपर्यंत मला माहीत नाही, असं समजा. घाई माझी होती. सही तिची लागली. मला रोज ते डाचतं. पण मशीनला मी हात लावला नाही."

५

तिसऱ्या त्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. पंचावन्नच्या पुढच्या, दुसऱ्या तपासक. पहिली जे फरक दाखवेल तेवढेच दुसरीने पडताळायचे असा नियम, म्हणून त्यांच्यावर त्या वेळी बालंट आलं नाही.

मला पहिल्या दिवसापासून त्यांनीच जवळ केलं. "बाळाला कोणाकडे ठेवतेस गं? सासूबाईंकडे? जेवलीस का? अशी उपाशी बसू नकोस, अंगावर पिणारं लेकरू आहे तुझं." खरं सांगते, आई गेल्यापासून असं कोणी विचारलं नव्हतं. मी त्यांना संशयितांत धरायचं विसरूनच गेले होते.

"माझ्या या बाजूला बस बाई," त्या म्हणायच्या आणि मला डावीकडे बसवायच्या. एकदा मी त्यांच्या उजव्या हाताशी चहा ठेवला. बोलता बोलता त्यांनी हात हलवला आणि कप फाइलींवर आडवा.

"मेली मी धांदरट," त्या हसल्या.

मी पुसत होते. सहज विचारलं, "आधीच्या बाई कशा होत्या हो?"

"चांगली होती बिचारी." त्यांनी सुस्कारा सोडला. "पण फार घाईची. मी सांगायची, बाई गं, सावकाश बघ. अर्ध्या तासात स्लिप काढून मोकळी व्हायची."

फडक्यावर माझा हात थांबला.

तीन पानी स्लिपा. चौदा वर्षं. एकही ओळ न गाळता. माझ्या ताईला भाजी निवडायलाही तास लागतो.

"तपासनिसांनाही हेच सांगितलंत का, मावशी?"

"विचारलं तर खरं सांगायला नको?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मायेने.

६

मी पाचला निघायची, मावशींना सहापर्यंत काम असायचं. त्या दिवशी मी अर्ध्या जिन्यातून परत फिरले, पिटुकलीच्या कपड्यांची पिशवी टेबलाखाली राहिली होती म्हणून.

मावशी माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणजे ताईच्या. कार्यालयातला सगळ्यात मोठा स्क्रीन तिथेच होता. खुर्ची तिरकी, जवळजवळ आडवी वळवलेली. मान त्याहून वळवलेली.

स्क्रीनवर नवं पत्रक डावीकडे होतं. मध्ये ठिपक्यांची रेघ. लाल ओळ, तिच्या वर तीन, खाली तीन.

मी दारात, त्यांच्या उजवीकडे, चार पावलांवर उभी होते. हातातली किल्ली खुळखुळली तेव्हा कुठे त्यांना कळलं.

"अगंबाई! घाबरवलंस की. माझा स्क्रीन फार बारका गं. तू गेलीस की जरा इथे बसते. चालेल ना?"

"चालेल की. मावशी, हे सेटिंग माझं नाही वाटत."

"माझं आहे." त्यांनी मशीनला लावलेला पेनड्राइव्ह दाखवला. घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलेला. "माझं टाकते, काम करते, जाताना तुझं होतं तसं परत ठेवते. तुला कळायचंसुद्धा नाही."

खरंच. मला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते आणि मला कळलं नव्हतं. इतक्या सफाईने त्या परत ठेवत.

फक्त एकदा राहिलं होतं.

घरी जाताना पिशवी छातीशी धरून मी भराभरा चालत होते. आनंद झाला होता मला. खोटं कशाला बोलू? ताईला त्यांनी माझ्यासारखंच पाठीवरून हात फिरवून बसवलं असेल. आणि तपासनीस येणार कळल्यावर स्वतःची फाइल काढून, ताईची परत ठेवून, बाजूला उभ्या राहून बघितलं असेल, ती ओळ लाल होताना.

सुनावणीला चार दिवस होते. मी ताईला काही सांगितलं नाही. तिने मला थांबवलं असतं.

७

सुनावणी त्याच लांब खोलीत झाली, मशीन तिथे होतं म्हणून. तपासनीस, साहेब, मांडणीवाला, मावशी. ताई दाराजवळच्या स्टुलावर, मान खाली घालून.

"मला बोलायचंय," मी उठले. "मी यांची धाकटी बहीण."

मांडणीवाल्याच्या कानातलं गळून पडलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. साहेब खिडकीबाहेर.

मी स्लिपा मांडल्या. पन्नास तीन पानी, एक अर्धं पान. मग मशीनवर त्या दोन फाइली उघडल्या आणि चार सेटिंगं बदलली. बाजू उलट. घडी. तीन ओळी. सगळ्या स्पेस सोडून दे. कंपेअर लावलं. तारीख लाल, पत्ता लाल, मध्ये ठिपके: ४१ ओळी सारख्या. तंतोतंत ताईची स्लिप.

तपासनीस पुढे वाकले. त्यांनी स्लिप स्क्रीनशेजारी धरली. "आजपर्यंत ही स्लिप मी नीट बघितलीच नव्हती," ते म्हणाले. "फक्त सही बघितली."

"ताईने ती ओळ बघून सही केली नाही. तिला ती दिसूच दिली नाही. प्रश्न एवढाच की ही सेटिंगं कोणाची? यांचा स्क्रीन उभा, फाइली वरखाली." मांडणीवाल्याने जोरात मान हलवली. "साहेब घडी घालत नाहीत."

"साहेबांना हे येतं?" मांडणीवाला पुटपुटला.

"राहिलं कोण?" मी म्हणाले.

इथे मला किल्ल्यांचं जुडगं मागता आलं असतं. पेनड्राइव्ह उघडायचा, फाइल दाखवायची, दोन मिनिटांचं काम. मी ते मागितलं नाही. मला मावशींचं तोंड ताईसारखं झालेलं बघायचं होतं, आणि सगळ्यांसमोर.

"मावशी, जरा इथे बसता?"

त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि सवयीने खुर्ची वळवू लागल्या. मी खुर्चीची पाठ धरली आणि सरळ केली.

"अशा सरळ बसा, मावशी. सगळे बसतात तशा. मी जुनं डावीकडे ठेवलंय, नवं उजवीकडे. उजवीकडची बाळाची ओळ वाचा बघू. चटकन."

त्यांचे डोळे स्क्रीनभर भिरभिरले. उजवीकडे जाऊन परत आले. शोधायला वेळ लागला असता, आणि सगळे बघत होते.

"सहा महिने ते एक वर्ष," त्या म्हणाल्या, "बारा पॉइंट पाच."

तपासनिसांनी स्क्रीनकडे बघितलं, मग मावशींकडे.

उजवीकडे मी नव्या पत्रकाची वेगळी प्रत उघडली होती, त्यातली ती ओळ सकाळीच पुसून ठेवलेली. तिथे कोरी जागा होती.

८

"दोन वर्षं झाली," मावशी म्हणाल्या. "मेंदूत जरासं रक्त अडकलं होतं. बाकी सगळं आलं, उजवीकडचं अर्धं दिसणं तेवढं गेलं. दोन्ही डोळ्यांचं. डोळेतपासणीला तक्त्यावरचं एकेक अक्षर विचारतात, ते वाचता येतं मला. कुणाला कळलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती गं माझी. फक्त दोन."

"स्पेस का सोडल्यात सगळ्या?" तपासनिसांनी विचारलं.

"चाळीस लाल ओळींत मला खरी लाल सापडत नाही. दुसरी तपासक मी. वाटायचं, पहिलीने सगळं बघितलेलंच असतं."

"आणि त्या दिवशी?"

"आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. जिन्यात अंधार झाला की मला उतरता येत नाही. उजेडात निघाले. परत ठेवायचं राहिलं." त्या ताईकडे वळल्या, आख्ख्या वळल्या. "दुसऱ्या संध्याकाळी मी तुझं सेटिंग परत लावलं. बाळाचं कळलं तेव्हा वाटलं, सांगावं. मग ते आले, आणि तुला बोलले, आणि मी..."

"आणि ताई घाईची होती, असं तुम्ही सांगितलंत," मी म्हणाले.

"हो."

तपासनिसांनी ताईचं नाव खोडायचा कागद फाडला. मावशींचं नाव त्याच दुपारी यादीतून गेलं. त्या जायला निघाल्या तेव्हा कोणी उठलं नाही. जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज एकेक करून येत होता, मध्ये बराच वेळ थांबत. मी मोजत होते. पाऊल चुकावं असंही मला क्षणभर वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

घरी आल्यावर ताईने पिटुकलीला उचललं. महिन्याभरात पहिल्यांदा. तिच्या केसांत तोंड खुपसून उभी राहिली. मी जिंकल्यासारखी बडबडत होते, कसं खुर्ची सरळ केली, कसं ओळ पुसून ठेवली.

"बास," ताई म्हणाली. "मला सांगितलं असतं ना तिने, तर मी रोज पाचला तिचं सेटिंग लावून दिलं असतं आणि सकाळी येऊन माझं. काय लागलं असतं त्याला?"

"तिने तुला बुडवलं, ताई."

"बुडवलं. पण ती एकटी राहते, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी तीन आठवडे त्यांच्या खोडी टिपल्या, घर विचारलं नव्हतं.

ताईने दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला सुरुवात केली. वाजतो, कोणी उचलत नाही. आज बारावा दिवस. साहेबांनी पत्ता दिला. आमच्यापासून चार गल्ल्या. ताई अजून एकटीने घराबाहेर पडत नाही, आणि मी रोज त्या गल्लीवरून जाते. दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी बंदच असते. काल दोरीवर एक टॉवेल होता, आजही तोच, तसाच.

मी वर जाणार नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि मला बघून त्या दार उघडणारही नाहीत. पण त्यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही, आणि तुम्ही त्यांना खुर्चीत सरळ बसवलेलं नाही. तेव्हा तुम्ही जा. मोठ्याने दार वाजवा, आणि उघडायला वेळ लागला तर थांबा.

उघडलं, तर मला कळवू नका. नाही उघडलं, तर मात्र लगेच कळवा.